संदर्भासह स्पष्टीकरण

थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलात सीनियरच्या पेन ड्राइव्हला भाव चढतो. त्यात त्याचा थिसिस असतो आणि थिसिसच्या शेपटाला आयते शंभर-सव्वाशे संदर्भ. ते त्यानेही वाचलेले नसतात. त्याला ते त्याच्या सीनियरकडून मिळालेले. गाण्यात याला घराणं म्हणतात.

गाइडसाहेब मात्र कडक. १९७८ साली कॅनडात व्हँकुव्हरला वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले, त्यातून संदर्भ लिहायची व्हँकुव्हर पद्धत आली. तिची आपल्याकडे सोवळ्यासारखी जपणूक होते. वर्षानंतर अर्धविराम, खंडानंतर अपूर्णविराम, सहा लेखकांनंतर ‘आणि इतर’. एक टिंब हललं की पानं परत! लेखात काय लिहिलंय, एवढं मात्र कोणी विचारत नाही. तेवढा वेळ कोणाला आहे? ओपीडी असते.

यात बिघडलं कुठे, असं म्हणाल, तर अमेरिकेत डोकावा. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामकं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी चौघांनाच त्यांचं व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढाच त्याचा मजकूर. पुढे २०१७ पर्यंत ६०८ जणांनी त्याचा दाखला दिला. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही गोष्ट त्यांतल्या पाचापैकी चौघांनी सांगितलीच नाही. त्यामुळे घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही व्यसनाची भीती नाही, असा समज पसरायला हातभार लागला. त्या गोळ्यांपायी तिथे पुढे किती माणसं गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अर्धविराम बहुधा सगळ्यांचे जागच्या जागी असावेत.

आता तर सीनियरचीही गरज उरलेली नाही. एआयकडे वीस संदर्भ मागा, तो नम्रपणे वीस पाडून देतो. नियतकालिक खरं, वर्ष शोभेसं, विरामचिन्हं निर्दोष. लेख तेवढा कोणी कधी लिहिलेलाच नसतो. गाइडसाहेबांच्या कसोटीला असा संदर्भ पहिल्या फटक्यात उतरतो.

तेव्हा बाहेरगावाहून येणाऱ्या परीक्षकांना एक विनंती. तोंडी परीक्षेत यादीतला कुठलाही एक आकडा निवडा, समजा सत्तेचाळीस. तो लेख उघडायला लावा आणि त्यात काय म्हटलंय ते विचारा. गाइडसाहेबांनाही शेजारीच बसवा.