सातच्या आत खुराड्यात

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं पूर्वज सांगून गेले. तांबडं फुटण्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण मुळात कोंबडं झाकायचं कसं, याबद्दल या मंडळींनी अवाक्षर काढलेलं नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी कोकणातलं एक परस, नऊ तलंगा, एक पेरूचं झाड आणि एक मिणमिणती बॅटरी एवढ्या अनुभवाच्या बळावर पुढील मार्गदर्शन सादर करत आहोत.

१. इमारत. विद्यार्थिनी, म्हणजे तलंगा, दीड-दोन महिन्यांच्या आणि अंगभर पिसं फुटलेल्या असाव्यात. खुराड्यात झोपण्यासाठी आडवी लाकडी दांडी लावा. ती चार-पाच सेंटिमीटर रुंद असावी आणि तिच्या कडा तासलेल्या असाव्यात. दर डोई वीतभर जागा पुरते. उरलेला प्लास्टिकचा पाइप वापरून काटकसर करू नका, त्यावरून पाय घसरतो. दांडी अंडी घालायच्या खोक्यापेक्षा उंच हवी, कारण कोंबडी झोपायला हटकून सगळ्यांत उंच जागा धरते. खोकं उंच ठेवलंत, तर ती रात्रभर त्यात शिटते आणि पुढे त्याच गादीवर तुमच्यासाठी अंडं घालते. छपराखाली जाळीची झडप ठेवा. विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाने तुमचे डोळे चुरचुरत असतील, तर तिचेही चुरचुरतात.

२. प्रवेश. पहिला आठवडाभर त्यांना परसात सोडू नका. दाणापाणी आतच द्या, म्हणजे ‘घर म्हणजे हे’ एवढा एकच धडा डोक्यात पक्का बसतो. या काळात एखादा पाहुणा ‘अरेरे, कोंडून ठेवलंत बिचाऱ्यांना!’ म्हणतो. त्याला चहा द्या आणि विषय बदला. आम्ही विषय न बदलता दार उघडलं. त्या संध्याकाळी दोघी स्कूटरवर, एक पाण्याच्या टाकीवर आणि सहा जणी पेरूवर मुक्कामाला होत्या.

३. तासाची वेळ. शाळा घड्याळावर चालत नाही, सूर्यावर चालते. आपल्याकडे डिसेंबरात ती सहाच्या सुमारास भरते आणि जुलैत सव्वासातला. त्याआधी अर्धा तास मूठभर तांदळाची कणी आत टाका आणि ‘तीऽ तीऽ तीऽ’ अशी हाक घाला. हाक रोज तीच असावी. शेजारी ऐकतायत म्हणून आवाज बदलू नये.

आत एक छोटा दिवा लावा. माणसाला न दिसणारा अतिनील प्रकाशही कोंबडीला दिसतो, पण अंधुक उजेडात तिची अगदी दैना होते. बाहेर संधिप्रकाश आणि आत काळोख असेल, तर शहाणी कोंबडी आत येत नाही. आपणही आलो नसतो. सगळ्या दांडीवर बसल्या की दिवा मालवा.

४. गैरहजर विद्यार्थिनी. झाडावर झोपणं हा उद्धटपणा नसून घराणं आहे. कोंबडीचे पूर्वज, लाल रानकोंबडे, झाडावरच रात्र काढतात. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडाही तेच करतो. पेटीत झोपायची कल्पना माणसाची आहे.

दगड मारू नका, काठी हलवू नका, उजेडात पाठलाग तर मुळीच करू नका. पूर्ण अंधार पडू द्या. मग फांदीखाली उभं राहून दोन्ही पंख अंगाशी धरून तिला अलगद उचला. बोटं फांदीला घट्ट धरून असतात, ती एकेक सोडवावी लागतात. मग हातात येतं ते दिवसा अंगण डोक्यावर घेणारं जनावर नव्हे. ते एक ऊबदार गाठोडं असतं आणि पिसांखाली त्याचं काळीज धडधडत असतं. ते एकदाच ‘कुर्रर्र’ करतं, बस्स.

‘काय हो, रात्रीचे पेरू काढताय?’ कुंपणापलीकडून काकींनी विचारलं.

‘नाही काकी, कोंबड्या.’

‘मग अजून थोड्या पिकू द्यात की!’

उचललेलीला खुराड्यात नुसतं ढकलू नका, दांडीवर नेऊन बसवा. हे रोज करा. आमच्या आठ जणी सहाव्या दिवशी आपापल्या पायांनी आत गेल्या. नववीने अकरा दिवस घेतले आणि आमचा उजवा खांदाही.

५. आसनव्यवस्था. दांडीवर ढकलाढकली होईल, टोचाटोची होईल, एखादी खाली पडेल. रक्त येत नाही तोवर मध्ये पडू नका. १९२१-२२ च्या सुमारास थोर्लीफ शेल्डरुप-एबे या नॉर्वेच्या संशोधकाने कोंबड्यांमधल्या मानपानाची उतरंड शास्त्रात नोंदवली: कोणी कोणाला टोचायचं हे त्यांचं ठरलेलं असतं. लग्नाच्या पंगतीत वाढलेल्या मराठी माणसाला हे नव्याने सांगायला नको.

६. परीक्षा. सगळ्या आत गेल्या की मोजा. आठ भरल्या तर पुन्हा मोजा, मग पेरूकडे बघा. नऊ भरल्या की कडी लावा. ‘जेवून झाल्यावर लावतो’ म्हणू नका. मुंगूस बहुधा सकाळी उजाडताच येतं, रानमांजर बहुधा रात्री येतं आणि दोघांनाही वेळ पाळायला कोणी शिकवलेलं नाही. कोंबडी आठवड्याभरात आत यायला शिकते. आतून कडी लावायला ती कधीच शिकत नाही.