लाल किती, हिरवा किती?

आमच्या नांदगावात क्रांती यायची होती. ती फ्लेक्सवाल्याच्या दुकानात अडकली.

गट सात जणांचा. पर्यावरण आणि समाजवाद एकाच पिशवीत घालून फिरणारा. नाव सांगत नाही, सदर छापून येईपर्यंत ते बदललेलं असेल. तर नदी वाचवण्याच्या परिषदेसाठी दहा बाय आठचा फ्लेक्स ठरला, आणि त्यावर लाल किती नि हिरवा किती यावर तीन बैठका झडल्या. लाल वर घ्यावा तर निसर्ग दबतो, हिरवा वर घ्यावा तर कामगार दबतो. रेल्वेचं गाव आमचं. गार्डाने दोन्ही झेंडे एकदम दाखवले तर गाडीने करायचं काय? गट फुटला. फ्रान्समधले डावेही फुटतात, पण जाडजूड ठराव मांडून. आमचे फुटले ते फ्लेक्सच्या अ‍ॅडव्हान्सवरून.

‘अहो, पण प्लास्टिकचा फ्लेक्स?’ मी विचारलं.

‘काका, १ जुलै २०२२ची बंदी १०० मायक्रॉनच्या आतल्या फलकांवर आहे. आपला जाड आहे.’

म्हणजे प्लास्टिक जितकं जाड, तितकं तत्त्व शुद्ध! मग लेंडी नदीच्या पुलाला या टोकाला एक फ्लेक्स लागला, त्या टोकाला दुसरा. दोन्हींवर सातच्या सात चेहरे, कारण फोटो जुनाच होता. खाली नदी. नदी कसली, गावाची कचराकुंडी. सप्टेंबर २०२१मध्ये लेंडी आणि शाकंबरी या दोन्ही नद्या दुकानांत शिरल्या, तेव्हा गाळ उपसताना आपण सगळ्यांनी कानाला खडा लावला होता. पाणी ओसरलं, खडाही गेला. पात्रात टपऱ्या आपल्याच, पिशव्या आपल्याच, मेलेलं कुत्रंही आपल्याच गल्लीतलं. आणि गिरणा धरण म्हणे आमच्या तालुक्यात! त्याचे कालवे जळगावकडे, आणि आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया उन्हाळाभर हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. यावर बोला ना! यावर बैठक लावा! तर नाही. हिरवा पोपटी घ्यावा की गर्द, यावर उपसमिती.

परवा वाऱ्याने दोन्ही फ्लेक्स फाटकासारखे झुलायला लागले. सकाळी बघतो तर दोन्ही गायब. संध्याकाळी मळ्याच्या वाटेने चाललो होतो, तर एका कांद्याच्या चाळीवर लाल-हिरवं काहीतरी चमकलं. चेहरे खालच्या अंगाला, कांद्याकडे. कडेच्या रिंगांत सुतळी ओवून पक्कं बांधलेलं.

‘चांगला जाड माल आहे,’ शेतकरी खुशीत म्हणाला. ‘भाऊ, हे लोक परत कधी फुटणारेत? अर्धी चाळ उघडीच राह्यलीय.’