रहिवासाचे कारण

मराठी मनुष्याने आपले गाव सोडून दुसऱ्या गावी बिऱ्हाड करावे, यासाठी आपल्याकडे मान्यता पावलेली कारणे फार थोडी आहेत. सरकारी नोकर असेल तर त्याची बदली होते. कन्या असेल तर तिचा विवाह होतो. कोरडवाहू शेतकरी असेल आणि पाऊस लागोपाठ दगा देईल, तर तो मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतो. आणि यांपैकी काहीएक न घडता जो गाव सोडतो, त्याच्यामागे सावकार, भाऊबंद अथवा फौजदार यांपैकी कोणीतरी लागलेले असते, अशी लोकांची धारणा आहे. परंतु धडधाकट प्रकृतीचा, नियमित पेन्शन मिळणारा, कोणाचे छदामही देणे नसलेला एखादा गृहस्थ केवळ ‘राहावयास बरे’ एवढ्याच सबबीवर, नकाशा पसरून, परराज्यातून येऊन तालुक्याचे गाव पसंत करू लागतो, ही गोष्ट पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात अद्याप कोणाच्या पचनी पडलेली नाही, असे मी बारामती व इंदापूर या उभय कसब्यांतील नागरिकांविषयी पूर्ण आदर राखून येथे नमूद करतो.

आमचे घराणे हैदराबादचे. काचीगुड्यातील एकाच घरात बसल्या बसल्या आमच्या मातोश्रींनी जितकी राज्ये पाहिली तितकी एखाद्या वकिलातीतील अंमलदारानेही पाहिली नसतील. त्या जन्मल्या निजामाच्या अमलात. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन निजामाचे संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेचा हुकूम होऊन मराठवाडा मुंबई राज्याकडे आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाकडे गेले. आणि २ जून २०१४ रोजी सकाळी त्या उठल्या त्या तेलंगणात. या सर्व राज्यक्रांत्यांत आमचा पाटावरवंटादेखील जागचा हलला नाही. अंगणात उभ्या असलेल्या माझ्या जुन्या स्कूटरवर ‘ए.पी.’, चिरंजीवांच्या मोटारीवर ‘टी.एस.’ आणि शेजाऱ्यांच्या नव्या गाडीवर ‘टी.जी.’ अशी अक्षरे पाहून एखाद्या परक्यास हे तीन प्रांतांतील पाहुण्यांचे संमेलन वाटावे. म्हणूनच आम्ही महाराष्ट्रात राहावयास जाण्याचा बेत मातोश्रींच्या कानावर घातला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “इतक्यांदा राज्य बदललं, एकदाही टेम्पो सांगावा लागला नाही. आताच काय झालं?”

झाले होते ते असे, की चिरंजीव ज्या कंपनीत आहेत तिचे कार्यालय पुण्यास, परंतु काम घरबसल्या. कन्या दिली आहे सोलापुरास. आणि नात मराठी बोलू लागली म्हणजे तिच्या आजीस दुभाष्याची गरज भासू लागते. मी कंपास घेऊन पुणे आणि सोलापूर यांच्या मध्ये वर्तुळे काढली, पाणी, शाळा, दवाखाना, भाडे व मराठी असे पाच रकाने आखले, आणि कुटुंबाच्या दरबारात बरीच मसलत होऊन शेवटी दोनच नावे दप्तरात उरली. मछलीपट्टणापासून हैदराबाद, सोलापूर अशी मजल मारीत पुण्यास जाणारा राष्ट्रीय महामार्ग ज्याच्या अंगावरून जातो ते इंदापूर. आणि त्याच रस्त्याने आणखी पुढे भिगवणपर्यंत येऊन डावीकडे वळले असता जे लागते ते बारामती.

आता दोन स्थळांमध्ये निवड करावयाची म्हणजे त्यांत काही भेद असावा लागतो. येथे भेद शोधू जावे तो साम्यच हाती लागे. नीरेचा डावा कालवा इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात काढला, तो बारामतीस भिजवून इंदापूर तालुक्यात शिरतो. (शिरेपर्यंत त्यात पाणी किती उरते, हा प्रश्न इंदापुरात जपून विचारावा, उत्तर देणाऱ्याचा चहा निवतो.) लोकसभेचा मतदारसंघ एकच. शहाजीराजांच्या जहागिरीत बारामतीकडचे सुपे होते तसे इंदापूरही होते. मोटारींचे प्रादेशिक परिवहन कार्यालय बारामतीस, त्यामुळे बिऱ्हाड कोठेही केले तरी ‘एम.एच. ४२’ हीच मुद्रा मोटारीच्या भाळी उमटावयाची. सौभाग्यवतींची अट होती की तुकोबांची पालखी दारावरून गेली पाहिजे. चौकशी केली, तो पालखीचा मुक्काम बारामतीसही आणि इंदापुरासही. मध्ये काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीस अश्वांचे, आणि सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करीत ती सावकाश जाते. पन्नासेक किलोमीटरांचे हे अंतर एसटी ज्या घाईने तोडते ती पाहता पालखीचाच वेग मला या प्रदेशाच्या प्रकृतीस अधिक अनुरूप वाटला.

बारामतीस आम्ही प्रथम गेलो. गाव टापटिपीचे आहे यात संशय नाही. घरे दाखविण्यासाठी जो तरुण मध्यस्थ आम्हांस लाभला होता, त्याची जिल्हा गॅझेटियरची नवी आवृत्ती काढण्यासाठी नेमणूक व्हावी असे माझे मत आहे. “इथं काय नाही ते सांगा,” अशी प्रस्तावना करून त्याने १९६२ चे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, १९७२ ची विद्या प्रतिष्ठान, अहिल्यादेवींच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, माळेगावचे कृषी विज्ञान केंद्र आणि पिकांनी दुष्काळ व उष्णता कशी सोसावी याचे संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था, असा पाढा एका दमात म्हटला. औद्योगिक वसाहतीत एका इटालियन कंपनीच्या तीनचाकी गाड्या तयार होतात आणि दुसऱ्या इटालियन कंपनीची सोनेरी कागदात गुंडाळलेली चॉकलेटे, हे ऐकताच नातीने आपले मत बारामतीच्या पारड्यात टाकले. आणि कारखान्याच्या फाटकावरील पहारेकरी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर चॉकलेट ठेवीत नाही असे कळल्यावरही तिने ते परत घेतले नाही. इतकी निष्ठा हल्ली मोठ्या माणसांतही आढळत नाही.

इतके झाल्यावर मध्यस्थाने मोर्चा आमच्याकडे वळविला.

“बदली कुठल्या खात्यात म्हणायची?”

“बदली नाही. मी निवृत्त आहे.”

“मग दादा एमआयडीसीत लागले असतील.”

“नाही. त्याची कंपनी पुण्यात. काम घरून.”

“मग पुण्यातच घर का नाही बघत?”

“गर्दी फार.”

“जमीन घ्यायचीय?”

“नाही.”

त्याने आवाज खाली आणला. “मुलीचं काही?”

“मुलगी सोलापूरला दिलेली आहे. सुखात आहे.”

तो बराच वेळ गप्प राहिला. माझ्याविषयी त्याच्या मनात जी शंका उत्पन्न झाली होती ती माझ्या प्रत्येक प्रामाणिक उत्तरासरशी बळावत होती, हे मला स्पष्ट दिसत होते. शेवटी त्याने बारामतीत प्रत्येक कामाच्या मुळाशी असणारा सवाल केला, “बरं, आलात कुणाच्या ओळखीनं?” ओळख सांगण्यासारखी नव्हती. ‘साहेब’ म्हटले म्हणजे येथे एकाच गृहस्थाचा बोध होतो, आणि त्यांची आमची ओळख वर्तमानपत्रापुरती, तीही एकतर्फी. मात्र निवड करण्यातील यातनांविषयी या गावास काही शिकविण्याची आवश्यकता नव्हती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नणंद आणि भावजय यांपैकी एकीस निवडण्याचा प्रसंग ज्यांच्यावर गुदरला, त्यांना दोन गावांतून एक निवडणे म्हणजे काय, असे वाटले तर नवल नाही.

निरुत्तर झालेला मराठी वाचक जे करतो तेच मी केले. इतिहासात शिरलो. म्हटले, मोरोपंत नाही का आले? कविवर्य जन्मले पन्हाळ्यास, १७२९ मध्ये. पुढे दोनच वर्षांनी वारणेचा तह होऊन वारणा नदी सातारा आणि कोल्हापूर या दोन राज्यांमधील सरहद्द ठरली आणि पन्हाळा कोल्हापूरकडे राहिला. म्हणजे तारुण्यात बारामतीस येऊन कऱ्हाकाठी कायम राहिलेले पंत हे शब्दशः राज्याची सीमा ओलांडून आलेले कुटुंबवत्सल गृहस्थ होते. येथेच त्यांनी आर्याभारत रचले, ‘केकावली’ रचली, रामायणे तर शंभरावर रचली, आणि १७९४ मध्ये येथेच देह ठेवला. या गावचे हवापाणी स्थलांतरितास मानवते, याला याहून सबळ पुरावा कोणता?

मध्यस्थाने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. “त्यांना नाईकांचा आश्रय होता,” तो म्हणाला. “तुम्हाला कुणाचा?”

बाबूजी नाईक हे पेशव्यांचे व्याही-घराणे आणि मातबर सावकार. त्यांच्या पदरी पुराणिक म्हणून राहिलेल्या पंतांना भाड्याच्या घरासाठी अनामत रक्कम द्यावी लागली नसावी, हे मलाही मान्य करावे लागले.

इंदापुरास जाताना वाटेत भिगवणला जेवावयास थांबलो. उजनी धरणाच्या फुगवट्यातील ताज्या मासळीचे कालवण तेथे मिळते आणि केवळ त्याखातर पुण्याहून माणसे येतात; सहावा रकाना आखावा की काय असा विचार माझ्या मनात येऊन गेला. शेजारच्या बाकावरील एका वृद्ध गृहस्थांनी आमची पूर्वपीठिका विचारून घेतली आणि गाव निवडावयास निघालो आहोत हे ऐकून हातातला घास तसाच ठेवला. “आम्हाला कुणी इचारलं न्हाई,” ते म्हणाले. “पानी आलं, आन् गाव उठलं.” १९८० साली धरण पुरे झाले, आणि भीमेकाठची कितीतरी गावे तत्पूर्वीच वर सरकली होती, पळसदेवचे प्राचीन देऊळ आजही जलाशय आटला म्हणजे पाण्याबाहेर येते आणि जुन्या गावची माणसे ते पाहावयास जातात. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, परंतु आमच्या पाच रकान्यांची मला जराशी शरम वाटली व मी वही पिशवीत घातली. हिवाळ्यात याच पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. त्यांचा विषय निघताच म्हातारबाबा खुलले आणि “ते कच्छचं पावनं,” असे त्यांनी मोठ्या आत्मीयतेने सांगितले. पक्ष्यांचेसुद्धा मूळ गाव येथे ठाऊक असते.

इंदापूरचा स्वभाव बारामतीच्या उलट. बारामतीकर आपल्या गावी काय काय आहे ते सांगतो, इंदापूरकर काय काय यावयाचे राहिले आहे ते सांगतो. आणि मला विचाराल तर वस्ती करावयास दुसऱ्या प्रकारचे गाव बरे, कारण तेथे नव्या माणसाकडून फारशी अपेक्षा नसते. येथील ऐतिहासिक दाखला मात्र मी तोंडाबाहेर काढला नाही. वेरुळचे मालोजीराजे भोसले इंदापुरास आले ते मोहिमेवर, आणि राहिले ते लढाईत पडल्यामुळे. घरमालकासमोर उच्चारावा असा हा पायंडा नव्हे.

जे घर आम्हांस पसंत पडले त्याचे मालक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी विचारले, “मूळ गाव?” मी म्हणालो, “हैदराबाद.” ते म्हणाले, “ते झालं. मूळ?” आमचे पूर्वज कोणत्या शतकात कोठून निजामाच्या मुलखात गेले याची कागदपत्रे मुसा नदीच्या १९०८ च्या महापुरात गेली, अशी आमच्या घरची परंपरागत कैफियत आहे, तीच मी सादर केली, तो मालक अधिकच साशंक झाले. मूळ गावाच्या प्रश्नाच्या पोटात पुष्कळदा दुसराच एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो उघड विचारीत नाहीत एवढ्यावरच आपण आपल्या सभ्यतेचे समाधान मानतो. मी अधिवासाच्या दाखल्याचा विषय काढून पाहिला. तो मिळण्यास महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास लागतो आणि तोपर्यंत मी ८१ वर्षांचा होईन, हे ऐकून त्यांना हसू आले, परंतु घराची किल्ली काही खिशाबाहेर आली नाही.

तेवढ्यात आतून सौभाग्यवतींचा आवाज ऐकू आला. मालकीणबाईंसमवेत स्वयंपाकघराची पाहणी करीत असता गोष्टीवरून गोष्ट निघाली होती.

“माझ्या आईची आत्या इकडेच कुठं दिली होती. निमगावला. त्यांचा पानमळा होता म्हणे.”

“निमगाव केतकी?” मालकीणबाईंचा स्वर एकदम चढला. “अहो, माझं माहेर ते! कुठला मळा? वढ्याकडचा का?”

मळा ओढ्याकडचा होता की नव्हता, याची सौभाग्यवतींना कितपत माहिती असेल याविषयी माझ्या मनात आजही शंका आहे. परंतु त्यांनी “हो, हो, ओढ्याकडचाच,” असे इतक्या निःसंदिग्धपणे सांगितले, की क्षणार्धात चहाचे आधण चढले, मालकीणबाई त्यांना ‘आक्का’ म्हणू लागल्या, आणि ज्या पाच रकान्यांवर मी मेहनत घेतली होती त्यांतील एकाचाही उच्चार न होता निकाल लागून गेला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे तक्रारीच्या नजरेने पाहिले. “मग हे आधी नाही का सांगायचं?”

भाड्यात पाचशे रुपये कमी झाले. नातीने बारामतीच्या बाजूने आपला लेखी निषेध नोंदवला आणि दर रविवारी बारामतीस नेण्याच्या बोलीवर तो मागे घेतला. मोटारीसाठी तेलंगणातून ना-हरकत दाखला आणण्याची कामगिरी चिरंजीवांकडे गेली. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यावी लागते, तिच्या छापील अर्जात भाडेकरूस ओळखणाऱ्या स्थानिक व्यक्तींची नावे मागितली होती. तेथे काय भरावे या विवंचनेत मी असता मुख्याध्यापकांनी माझ्या हातातून लेखणी घेतली, सुवाच्य अक्षरात स्वतःचे नाव लिहिले, त्याखाली पत्नीचे लिहिले, आणि ‘नाते’ या रकान्यापाशी थोडा विचार करून ‘सासुरवाडीकडून’ असा मजकूर घालून सही केली.