पेणला पासिंग

पोलादपूरच्या माणसाला सगळं जवळ. आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, कशेडी ओलांडली की खेड, सावित्रीच्या कडेकडेनं खाली गेलं की महाड. लांब काय, तर एकटं आरटीओ. गाडी एमएच-०६, म्हणजे पेण. आणि पेण शंभराहून जास्त किलोमीटर, तेही मुंबई-गोवा महामार्गानं. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की पासिंग दरवर्षी. थोडक्यात, गाडी रस्त्यावर चालण्याच्या लायकीची आहे की नाही हे ठरवायला ती आधी एवढा रस्ता चालवत न्यायची. जी पोचली ती निम्मी पास, असं आमच्या दाजींचं मत आहे आणि मला ते पटतं.

दाजींची गाडी म्हणजे महिंद्राची जुनी डीआय पिकअप. ते भाडं मारत नाहीत. घरचं भात, चिरे, गवत, भावकीतल्या कुणाचा तरी फ्रीज, एवढंच. पण नोंद मालवाहू म्हणून, त्यामुळे पाटी पिवळी. मागच्या फळीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ २०१५ साली सरकारनं बंद केलं, तेव्हा दाजींनी स्वतः ब्रश घेऊन त्यावर रंग मारला. आता उन्हात ते रंगाखालून वाचता येतं, सावलीत नाही.

गाडीला हात लावायचा तर तो आपलाच, हा दाजींचा बाणा. मेकॅनिककडे जाणं ते कमीपणाचं समजतात. इंजिनावर चालणारा लोखंडी पंखा ताकद खातो म्हणून तो काढून त्यांनी रेडिएटरच्या पुढून विजेवर चालणारा पंखा बसवला. डिझेलची लोखंडी नळी काढून पारदर्शक प्लास्टिकची घातली. का, तर डिझेल येतंय की नाही ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. कंपनीचा हॉर्न काढला आणि पाच सुरांचा आणला. सीटमागे वूफर, डोक्यावर छोटा पंखा, धुक्यासाठी बॉनेटपुढे एलईडीची पट्टी. मागच्या पाट्यांत एक पाटा जादा, त्यामुळे रिकामी गाडी खड्ड्यात गेली की आतला माणूस छताला लागतो. रेडिएटर झिरपत होता, तिथं हळद. हा जुना ड्रायव्हरी इलाज आहे, हळद बारीक भोकात जाऊन बसते म्हणतात. मात्र प्रमाण कुणी लिहून ठेवलेलं नसल्यामुळे दाजींनी ताईचा डबा ओतला.

अशी ही गाडी घेऊन आम्ही पासिंगला निघालो ते २०१९ च्या मे महिन्यात. त्याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी चालणार नाही. ताईनं ते कात्रण फ्रीजवर चिकटवून ठेवलं होतं.

“ते केरळातल्या गाड्यांचं हाय,” दाजी म्हणाले.

खटला केरळातून आला होता हे खरं. निकाल कशेडीच्या अलीकडे लागू होत नाही असं मात्र कात्रणात कुठं नव्हतं. तरी एलईडीची पट्टी दाजींनी आदल्या रात्री स्वतःहून उतरवली. निघताना ताईनं एक जड पोतं हौद्यात चढवायला लावलं. “अहो, हे महाडला भंगारात घाला. माझ्या घरात नको.” पोत्यात काय होतं ते मी विचारलं नाही. मी आंबे न्यायला आलेला पुण्याचा मेव्हणा. पोत्यात तोंड घालणं माझं काम नव्हतं.

महाडच्या भंगारवाल्यानं जो भाव सांगितला तो दाजींना अपमानास्पद वाटला. पोतं हौद्यातच राहिलं. “राहू दे, मागं वजन लागतंच,” असं म्हणून त्यांनी व्यवहार संपवला. मी म्हटलं, आलोच आहोत तर चवदार तळं बघून येऊ, १९२७ च्या सत्याग्रहाची जागा आहे.

“पाव्हणं, जावा तुम्ही. पन मी इंजिन बंद करणार नाय. वूफरनं बॅटरी प्यायलीय.”

घरघरणाऱ्या इंजिनाच्या धाकानं मी धावत गेलो आणि धावत आलो. गांधारपाल्याची लेणी तर चालत्या गाडीतूनच पाहिली. हजारो वर्षं त्यांना कुणी दुरुस्त करायला गेलं नाही म्हणून ती टिकली असावीत.

लोणेऱ्याच्या जरा अलीकडे गाडी झटके मारू लागली आणि बंद पडली. नेमकी कुठं, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या जवळपास. ‘एअर घेतली’ असं दाजी म्हणाले. बॉनेट उघडलं. पारदर्शक नळीतून डिझेल खरोखरच छान दिसत होतं. सोबत बुडबुडेही दिसत होते, सोड्याच्या बाटलीसारखे. दाजींनी फिल्टरवरचा बोल्ट सैल केला आणि मला हँड पंपावर बसवलं. हा पंप अंगठ्यानं दाबायचा. बोल्टाच्या कडेनं आधी नुसता फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग एकदाचं स्वच्छ डिझेल, की लगेच बोल्ट आवळायचा. आमचा फेस संपेना. अंगठा हिरवट व्हायची वेळ आली, तरी दाजी आपले “मारा, मारा, येतंय” म्हणत होते.

तोवर विद्यापीठाची दोन पोरं येऊन उभी राहिली. त्यांतला एक चष्मेवाला वाकून बघून म्हणाला, “काका, ही टाकीकडून ओढणारी लाइन आहे. इथून डिझेल गळणार नाही, उलटी हवा आत जाणार. नळी कडक झालीय, क्लॅम्प धरत नाही.”

दाजींनी त्याच्याकडे आदरानं पाहिलं. “कितव्या वर्षाला?”

“तिसऱ्या. सिव्हिलला.”

आता जुनी लोखंडी नळी कुठून आणायची, या विचारात मी असताना दाजी हौद्यात चढले आणि पोतं उपडं केलं. नळी त्यातच होती. तिचे बोल्ट होते, तांब्याचे वायसरसुद्धा होते. आणि कंपनीचा हॉर्न होता. आणि तळाशी लोखंडी पंखा होता. गाडीबाहेर गेलेली मूळ गाडी ताईनं पोत्यात भरून दिली होती. नळी बसवल्यावर चार दाबांत एअर निघाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी त्या स्वतःसाठी घेतल्या.

माणगावात मे महिन्यातली कोंडी. चाकरमानी गावाला निघालेले, चौपदरीकरण सुरू होऊन तेव्हा आठेक वर्षं झालेली, आणि बाजारातून एकच रस्ता. तासभर गाडी हात-दोन हात सरकत होती. अशा वेळी वारा लागत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. विजेचा पंखा, डोक्यावरचा पंखा, वूफर आणि पाच सुरांचा हॉर्न या सगळ्यांना दाजींनी एकाच वायरीवर नांदायला बसवलं होतं. मधे रिले नाही. आणि फ्यूज सारखा जातो म्हणून त्या जागी तांब्याची तार. फ्यूजचं कामच जाण्याचं असतं, तो जातो म्हणून वायर राहते. इथं फ्यूज जाणार नव्हता, त्यामुळे वायर गेली. डॅशबोर्डखालून जळका वास आला, गाणं अर्ध्यात थांबलं आणि काटा लाल रेघेकडे निघाला.

पुढं जे झालं ते माणगावच्या बाजारानं पाहिलं. रेडिएटरमधून वाफेचा फवारा उडाला, तो पिवळा. सगळीकडे हळदीचा वास. शेजारच्या एसटीतली एक आजी खिडकीतून विचारती झाली, “नवरदेव कुठाय?”

गाडी ढकलून कडेला घेतली. तापलेलं झाकण लगेच उघडायचं नसतं, हे दाजींना चांगलं माहीत. ओलं पोतं टाकून ते स्वस्थ बसले आणि मला त्यांनी उसाचा रस पाजला. निवल्यावर विजेचा पंखा उतरवला आणि लोखंडी पंखा चार बोल्टांवर पुन्हा जागेवर बसवला. अकराचा पाना आत फिरत नाही, दर वेळी पाव वळसाच मिळतो, बोटांची सालटी निघतात. मग इंजिन चालू ठेवून तांब्या-तांब्यानं पाणी, एकदम ओतलं तर ब्लॉकला तडा जाईल म्हणून. जाता जाता कंपनीचा हॉर्न त्याच्या मूळ वायरीला जोडला. त्यानं सर्दी झाल्यासारखा एकच सूर काढला, पण काढला.

पुढचं थोडक्यात. कोलाडच्या पुढं एका डायव्हर्शनला कडकन आवाज आला, तो जादा पाटा मोडल्याचा. नागोठण्याला काढून टाकला. तिथून गाडी इतकी मऊ चालू लागली की मला वडखळपर्यंत झोप लागली.

पेणला रांगेत आमचा नंबर दुपारी आला. साहेब तरुण होते. त्यांनी दिवे पाहिले, वायपर फिरवायला लावला, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतली. स्पीड गव्हर्नरचा कागद पाहिला. ऐंशीच्या वर जाऊ नये म्हणून तो असतो, आणि ही गाडी तिथवर शेवटची कधी गेली होती हे गावात कुणाला आठवत नाही. हॉर्न वाजवला. बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. मी देवाचं नाव घेत होतो.

“काका, गाडी छान ठेवलीत हो,” साहेब म्हणाले. “एवढी जुनी, पण कुणी हात नाही लावलेला. अगदी ओरिजिनल.”

दाजींचा चेहरा पडला. “हात नाय लावला? साहेब, ह्या पंख्याच्या जागी मी…”

मी त्यांच्या पायावर पाय दिला. पासिंग झालं.

परतीच्या वाटेवर दाजी एक शब्द बोलले नाहीत. माणगाव गेलं, लोणेरं गेलं. महाडच्या पुलावर त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

“ओरिजिनल म्हनला मला,” ते म्हणाले. “तुमच्या ताईला सांगू नका.”