अजून अर्धा आटा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागच्या वर्षी करड्या फरश्या बसवल्या. त्यांचा रंग ठरवायला तीन सभा झाल्या, त्यामुळे त्या फरश्यांबद्दल सगळ्यांनाच जिव्हाळा आहे. माझी मोटरसायकल उभी असते तिथल्या फरशीवर मात्र एक काळा ठिपका आहे. सुरुवातीला तो मोहरीएवढा होता. मग रुपयाएवढा झाला. सेक्रेटरींनी त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला तेव्हा तो पुरीएवढा होता, आणि फोटोखाली कुणाचंही नाव न घेता ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ असं लिहिलं होतं. संबंधित मी एकटाच होतो. तरी अकरा जणांनी अंगठे दाखवून नोंद घेतली.

ऑइल गळतंय एवढं कळायला अक्कल लागत नाही, ते कुठून गळतंय हे कळायला लागते. चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो, मग ते इंजिनाच्या पोटावरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला जमतं. सगळ्यात खालचं टोक म्हणजे ड्रेन बोल्ट. त्यामुळे गळती वरच्या पॅकिंगमधून असली तरी आळ बोल्टावर येतो. खात्री करायची जुनी रीत अशी, की इंजिनाचं पोट पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचं, चांगलं वाळू द्यायचं, त्यावर टाल्कम पावडर मारायची आणि गाडी थोडा वेळ चालवून आणायची. पांढऱ्यावर काळी रेघ जिथून सुरू होते तिथे भोक. मी घरातली चंदनाच्या वासाची पावडर वापरली. रेघ बोल्टापासूनच सुरू झाली. बोल्ट खरोखर दोषी निघाला, आणि पावडरीच्या डब्याचं काय झालं या प्रश्नाला मी अजून समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

आता या बोल्टाची रचना. बोल्ट पोलादी, तो ज्यात बसतो ते चेंबर ॲल्युमिनियमचं, म्हणजे तुलनेनं मऊ. दोघांच्या मधे एक वायसर. ज्यांना वॉशर म्हणायचंय त्यांनी म्हणावं, पण गॅरेजमध्ये वॉशर मागितलं तर गाडी धुण्याचे पैसे सांगतात. हे वायसर तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं आणि जन्माला येऊन त्याला एकच काम करायचं असतं, ते म्हणजे चिरडलं जाणं. चिरडून ते दोन्ही बाजूंच्या बारीक खाचाखोचांत जाऊन बसतं आणि ऑइलची वाट अडवतं. एकदा चिरडलं की पुन्हा चिरडायला त्याच्यात काही उरत नाही. म्हणून ऑइल बदललं की वायसर बदलायचं. पूर्वीची माणसं तांब्याचं जुनं वायसर लालबुंद तापवून पाण्यात बुडवत. त्यानं तांबं पुन्हा मऊ पडतं. तेवढी सबुरी आता नाही, आणि गरजही नाही, कारण नवं वायसर कटिंग चहापेक्षा स्वस्त मिळतं.

आणि तेच मला कुणी देईना.

पहिल्यांदा मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. तिथे एसी खोलीत बसवतात आणि काचेपलीकडे आपली गाडी दिसते, ती साधारण आयसीयूतला पेशंट दिसतो तशी. बिलावर ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची एक ओळ होती. मी विचारलं, यात वायसर आलं का? काउंटरवरच्या तरुणानं स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, ‘‘सर, यात कॉटन वेस्ट आणि ग्रीस येतं.’’ मग वायसर? ‘‘सर, बोल्ट टाइट करून दिलाय.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर नऊ थेंब होते.

मी मोजतो. वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला तर रात्रीचे नऊ थेंब म्हणजे महिन्याला जेमतेम दहा-बारा मिलीलिटर. इंजिनात ऑइल असतं लिटरभर. म्हणजे हिशेबानं सगळ्यांचं म्हणणं बरोबर होतं, काही होत नाही. फक्त हा हिशेब थंड, उभ्या गाडीचा आहे. गरम झालेलं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि चालत्या गाडीचे थेंब मोजायला खाली कुणी पुठ्ठा धरत नाही. शिवाय बोल्टाच्या मागेच थोड्या अंतरावर मागचं चाक असतं. हे मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला समजावून सांगितलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं, कारण त्याच्या तोंडात मावा होता. तो मोकळा झाल्यावर म्हणाला, ‘‘काही होत नाही काका. अजून अर्धा आटा घेतो.’’

अर्धा आटा घ्यायला त्यानं रिंग पाना लावला आणि पान्याला हातभर लांबीचा लोखंडी पाइप लावला. अशा बोल्टाला जोर किती द्यायचा हे ठरलेलं असतं; बारा मिलीमीटरच्या आट्यांना साधारण पंचवीस न्यूटन-मीटर. म्हणजे वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला अकरा-बारा किलोचा दाब, मंडईतून दोन पिशव्या आणतो तेवढा. पाइप लावला की तोच माणूस त्याच मनगटानं त्याच्या दुप्पट-तिप्पट पिळतो आणि त्याला ते कळतही नाही. हा जोर मोजायचा टॉर्क रेंच त्याच्याकडे होता. भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, प्लॅस्टिकच्या कव्हरात.

नवं वायसर घाल म्हटलं की मेकॅनिक थोडा दुखावतो, हे माझ्या लक्षात आलंय. त्याला वाटतं आपण त्याच्या मनगटावर अविश्वास दाखवतोय. वायसर ही बायकी गोष्ट, घट्ट करणं हे मर्दाचं काम. आणि घट्ट करायला पैसे पडत नाहीत, नाना पेठेत जावं लागत नाही. पुठ्ठ्यावर सात थेंब आले. ‘‘बघा, कमी झालं की नाही?’’ तो म्हणाला, आणि मी ‘हो’ म्हणालो, ही माझी चूक.

मग मीच नाना पेठेत गेलो. पुण्यात दुचाकीचा कुठलाही सुटा भाग तिथे मिळतो. फक्त एक वायसर मिळत नाही. दुकानदारानं विचारलं, ‘‘बारा का चौदा?’’ मी म्हटलं, बारा. त्यानं पन्नासाचं पाकीट काउंटरवर ठेवलं. मला एकच हवं होतं. ‘‘सुटं देत नाही.’’ मी वर्षातून दोनदा ऑइल बदलतो. पन्नास वायसर म्हणजे पंचवीस वर्षांची बेगमी. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. हे सगळं मनात करून होईपर्यंत त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं होतं आणि मागच्या माणसाला क्लच प्लेटा दाखवायला सुरुवात केली होती.

रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं. येता-जाता तिघांनी ‘‘गाडी धुताय का?’’ विचारलं. बोल्ट कसा सोडवायचा हे प्रत्येकाला माहीत असतं: घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पण बोल्टाचं तोंड जमिनीकडे असतं आणि आपण गाडीवरून वाकून, एक गाल टाकीला टेकवून, खाली हात घातलेला असतो. तिथून घड्याळ मागून दिसतं. उलटं ते सुलटं आणि सुलटं ते उलटं. मी पाना लावला. बोल्ट हलेना. साहजिकच होतं, पाइप लावून आवळलेला. मी जोर लावला. तो किंचित फिरला. बरं वाटलं. मी आणखी जोर लावला, तो आणखी फिरला, आणि मग एकदम मवाळ झाला. इतका वेळ अडून बसलेला माणूस अचानक ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाला की पोटात जसा गोळा येतो, तसा आला.

मी सोडवत नव्हतो, आवळत होतो.

बोल्ट बाहेर आला तो आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत दोरी गुंडाळून. चेंबरचे आटे गेले. ऑइल मात्र अगदी व्यवस्थित, आधीच खाली ठेवलेल्या टबात पडलं. (वापरलेलं ऑइल गटारात ओतायचं नसतं, 2016च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. गावाकडे आमचे भाऊ मात्र त्याची वाट पाहतात. गोठ्याच्या खांबांना फासलं की वाळवी लागत नाही म्हणतात. वाळवीला हे नियम कुणी सांगितलेले नाहीत.)

गॅरेजवाल्यानं बॅटरी मारून आत पाहिलं. ‘‘सर्व्हिस सेंटरवाल्यांनी वाट लावली.’’ सर्व्हिस सेंटरच्या तरुणाला फोन केला. ‘‘सर, बाहेर दाखवलं होतं का?’’ दोघांनीही माझ्यावर संशय घेतला नाही. शेवटचा अर्धा आटा कुणाचा, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथेही सांगतोय ते नाइलाजानं.

मग सल्ले आले. टेफ्लॉनची टेप गुंडाळा. बॉन्ड भरा. एम-सील लावून कायमचं बंद करा. पुढचं ऑइल कुठून काढायचं, असं मी विचारलं. ‘‘तेव्हाचं तेव्हा बघू.’’ शेवटी भोसरीच्या एका ओळखीच्या टर्नरला घरी बोलावलं. त्यानं भोक थोडं मोठं केलं, टॅपला ग्रीस फासून नवे आटे पाडले, म्हणजे कीस ग्रीसला चिकटतो आणि इंजिनात पडत नाही, आणि आत स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवली. हिला हेलिकॉइल म्हणतात. मूळच्या आट्यांपेक्षा हे आटे टणक. तासभर काम चाललं आणि या तासाभरात तो एकदाही ‘काही होत नाही’ म्हणाला नाही. मी पाकिटातलं वायसर दिलं. त्यानं बोल्ट बोटांनी बसवला, आखूड पाना लावला, एकदा दाबला आणि थांबला.

‘‘अजून थोडा?’’ मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पाना पिशवीत ठेवला.

पुठ्ठा कोरडा आहे. फरशीवरचा डाग गेला नाही. सोड्यानं नाही, लिंबानं नाही, डिझेलनंही नाही. मी गाडी त्याच्यावरच उभी करतो, म्हणजे दिसत नाही.

गेल्या आठवड्यात ऑइल बदलायची वेळ झाली. गोणपाटाची हौस फिटली होती, म्हणून कोपऱ्यावरच्याच गॅरेजवर गेलो, खिशात नवं वायसर घेऊन. बोल्ट उघडल्याबरोबर ते पुढे केलं. त्यानं हातात घेतलं, उजेडात फिरवून पाहिलं, ‘‘मस्त आहे’’ म्हणाला आणि आपल्या नट-बोल्टच्या डब्यात टाकलं. मग बोल्टावरचं जुनं वायसर फडक्यानं पुसून परत तेच बसवलं.

‘‘हे चांगलं आहे की अजून, काका,’’ तो म्हणाला, आणि पाइपकडे हात केला.