भागूबाईचा नमस्कार

भागूबाई रोज सकाळी माझ्या पायाशी येऊन मान जमिनीला टेकवायची आणि मी "औक्षवंत हो" म्हणायचो. पाहुणे असले की जरा मोठ्यानेच. मुक्या जनावराला माणूस कळतो, असं वर म्हणायचो आणि कोणता माणूस हे त्यांनी आपलं आपण ओळखावं म्हणून चष्मा पुसत बसायचो.

सशांच्या राज्यात मान खाली घालणं हा नमस्कार नसून हुकूम असतो, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. 'डोकं खाजव' असा. खाजवलंत की तुमची पायरी ठरली. हे त्यांनी आमच्या हिच्या देखत सांगायला नको होतं.

नावातही मी फसलोच. ससा म्हणजे भित्रा, म्हणून भागूबाई. घरात आधीपासून पंत आणि मनी ही दोन मांजरं, तेव्हा मी शांततेची बोलणी हाती घेतली. मध्ये जाळीचं दार लावलं, एकमेकांचा वास लागलेले पंचे तीन आठवडे इकडून तिकडे फिरवले. दार उघडायच्या दिवशी हातात टॉवेल घेऊन पंच म्हणून उभा राहिलो. पंत पोट जमिनीला घासत आला. भागूबाई पळाली असती, तर तो नक्की झेपावला असता. ती पळाली नाही. मागचा पाय धप्पकन आपटला आणि पुढच्या पायांनी पंताच्या नाकावर दोन दिल्या. वाघाची मावशी फ्रिजवर गेली ती जेवायलाच उतरली. टॉवेल माझ्या हातातच राहिला.

मांजर, ससा आणि न्यायनिवाडा म्हटलं की मला पंचतंत्र आठवतंच. कपिंजल पक्षी धान्य खायला परगावी गेला, तेवढ्यात शीघ्रग सशाने त्याची ढोली बळकावली. खटला नदीकाठच्या तपस्वी मांजराकडे गेला. "वयोमानाने ऐकू कमी येतं, जवळ या," म्हणत त्याने वादी-प्रतिवादी दोघांनाही खाल्लं. आता गंमत बघा. आपल्याकडचा रानससा उघड्यावर गवतात राहणारा, पिल्लंसुद्धा डोळे उघडे घेऊनच जन्मतात. बिळं खणणारा, आंधळी पिल्लं घालणारा पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. मराठीने दोघांना एकच नाव दिलं, म्हणून हा घोळ. म्हणजे शीघ्रग या रानसशाला ढोलीची गरजच नव्हती! ताबा सुटू नये एवढ्यासाठी पागडीची खोली कुलूप लावून ठेवणाऱ्यांपैकी तो होता. असले खटले आमच्या वाड्यात दोन पिढ्या चालले. मांजराने एका बैठकीत निकाल लावला, हे मात्र मानायला हवं.

असो. भागूबाईला विकणारा म्हणाला होता, "गाजर-कोबी टाका, दोन वर्षांचा खेळ आहे साहेब." सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला रोज वाळलं गवत लागतं. गाजर सणासुदीला. नीट सांभाळला तर ससा ८-१० वर्षं सहज जगतो. दोन वर्षांचा हिशेब सशाचा नाही, त्या पिंजऱ्याचा आहे. आणि कान धरून ससा उचलणाऱ्या पाहुण्यांना मी हल्ली चहा विचारत नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी तिने कोथिंबिरीकडेही पाहिलं नाही. लेंड्या बंद. ससा दुखणं लपवतो, आणि त्याचं पोट थांबलं की वेळ फार थोडा असतो. तीन दवाखान्यांना फोन केले. "कुत्रा-मांजर असेल तर आणा." चौथीकडे एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. इंजेक्शन दिलं, सुईविना सिरिंजने गवताची पातळ पेज भरवायला शिकवलं. रात्री एक वाजता घरी आलो, तेव्हा पुढच्याचं मन ओळखणारा मी कपाटात टॉर्च शोधताना उगाचच हिच्यावर ओरडलो. ती काही बोलली नाही.

सशाला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त नाकाच्या अगदी समोरचं दिसत नाही. पंत येऊन नेमका तिथे बसला. एरवी मी दोघांना डोळ्यांआड होऊ देत नाही, त्या रात्रीही शेजारीच होतो. भागूबाईने मान टेकवली. पंताने तिचं कपाळ चाटायला सुरुवात केली, मुकाट्याने, पायरी कळलेल्या माणसासारखं.

पहाटे पाचला टॉर्चच्या उजेडात सात लेंड्या सापडल्या. मी हिला उठवून दाखवल्या. तिने चष्मा लावून मोजल्या.

तेवढ्यात भागूबाईने पुन्हा मान टेकवली. पंत झोपला होता, म्हणून मी बसलो.