शेजाऱ्याची विकेट आधी पडते

दिघोरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला नागपूरची, उमरेड रोडवरची दिघोरी आठवते. आमची ती नव्हे. आमची भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेली. हा खुलासा आधीच केलेला बरा. नागपूरच्या दिघोरीचा माणूस जामठ्याच्या स्टेडियमवर जाऊन मॅच पाहून रात्री घरी जेवायला येऊ शकतो. आमच्याकडं मॅच स्वतःच येते. कधी केबलच्या तारेतून, कधी छपरावरच्या छत्रीतून, कधी टॉवरवरून. आणि या प्रत्येक वाटेनं ती वेगवेगळ्या वेळी पोचते.

चौकातला देखावा पाहा. सलूनमध्ये महिन्याच्या महिन्याला पैसे भरायची छत्री आहे. समोरच्या पानठेल्यावर फुकटातली, म्हणजे फ्री डिश. आमच्या घरी केबल. पारावर पोरांचे मोबाइल. भारताचा बॉलर धावत निघाला की सलूनमध्ये पहिला ओरडा होतो. दोन-चार श्वास गेले की पानठेला आणि आमचं घर मागेपुढे ओरडतं. पारावरच्या पोरांचा बॉलर तेव्हा अजून चेंडू पँटवर घासत असतो. पोरं खालमानेनं स्क्रीनकडं पाहत राहतात. विकेट पडणार हे त्यांना ठाऊक असतं, फक्त कशी पडणार तेवढं बघायचं राहिलेलं असतं.

या फरकावर पोट नाही, पण सुपारी-तंबाखूचा खर्रा चालवणारा एक वस्ताद गावात आहे. तो मुद्दाम सलून आणि पार यांच्या मधोमध उभा राहतो. सलूनमधून आवाज आला की पोरांकडं वळून म्हणतो, "हा बॉल छक्का. लावता का खर्रा?" पोरं लावतात आणि हरतात.

"तुमाले आधीच कसा समजते जी?"

"अंदाज हाय आपला. चाळीस वर्षं मॅच पाहून रायलो ना बे!"

एका कॉलेजात जाणाऱ्या पोरानं मला यामागचं विज्ञान समजावलं. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचावर असतो. चित्र तिथवर जाऊन खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो. बाकीचे काही सेकंद चित्र दाबून लहान करण्यात आणि पुन्हा उलगडण्यात जातात. मोबाइलचं गणित वेगळं. तिथं मॅचचे काही-काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, आणि मध्येच रेंज गेली तर चित्र अडू नये म्हणून फोन आधी दोन-चार घागरी भरून ठेवतो, मग आपल्याला वाढायला घेतो. त्यात अर्धं मिनिट सहज जातं. थोडक्यात, ३६ हजार किलोमीटर वर जाऊन आलेला चेंडू तळ्याकाठच्या टॉवरवरून आलेल्या चेंडूच्या आधी पोचतो. पोरानं हे एखादा सिद्धांत मांडावा तसं गंभीरपणे सांगितलं. तोवर पानठेल्यावर चौकार गेला होता.

माझी तक्रार चित्राबद्दल नाही. चित्र इतकं सुरेख पूर्वी कधी नव्हतं. चेंडूची शिवण दिसते, यष्टीतल्या माइकमधून यष्टिरक्षकाची बडबड ऐकू येते, पायचीत होता की नव्हता हे काढलेल्या रेषेवरून कळतं. पूर्वी पंचाला शिव्या द्यायची सोय होती, ती गेली, एवढंच. तक्रार आहे ती गावाचा ओरडा फुटल्याची. रेडिओच्या काळात गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी ओव्हर तुटायची नाही. या घरातून चेंडू टाकला गेला की पुढच्या घरातून तो टोलवला जाई, कारण सगळ्यांच्या रेडिओचं घड्याळ एकच होतं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकून वाढलेल्या माणसांना हे निराळं सांगायला नको. आता त्याच गल्लीतून चाललं की तोच फलंदाज चार वेळा आउट होतो.

तसा हा उशीर आजचा नाही. एकदा तर तो न्यायालयाच्या आदेशानं मिळाला होता. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला होता. मालिकेतली पहिली वन-डे २१ तारखेला नागपूरला, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर. सौरव गांगुली संघात परतला होता आणि ९८ वर गेला. आपल्या ३३८ धावा, तिकडून चंद्रपॉल नाबाद १४९, आणि आपण १४ धावांनी सुटलो. अशी मॅच एसटीनं जाता येईल इतक्या अंतरावर, आणि दूरदर्शनवर मात्र थेट दिसली नाही. हक्क निंबस कंपनीकडं होते, तिचं निओ स्पोर्ट्स हे चॅनेल नवं होतं, आणि दूरदर्शनला सिग्नल द्यायचा की नाही यावर वाद पेटला होता. दिल्ली उच्च न्यायालयानं त्या मालिकेपुरता मधला मार्ग काढला: दूरदर्शननं दाखवावं, पण सात मिनिटं उशिरा.

सात मिनिटांत दोन ओव्हर होतात. तेव्हा नागपूरला केबलवाला नातेवाईक असणं हे संकट होतं. नागपूरचे जावई उत्साहानं फोन करून "द्रविड गेला" म्हणायचे, आणि इथं सासरी द्रविड शांतपणे ग्लोव्हज ठीक करत उभा असायचा. त्या दिवसांत जावयाचा फोन न उचलण्याचा अपमान ज्या सासऱ्यांनी केला, त्यांना मी दोष देत नाही.

२ फेब्रुवारीला केंद्र सरकारनं वटहुकूम काढला, पुढं त्याचा कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाचे सामने कोणीही विकत घेतलेले असोत, सिग्नल प्रसार भारतीला द्यायचाच. गावाला वाटलं, सुटलो. पण २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा सिग्नल दूरदर्शननं आपल्या अँटेनावर आणि आपल्या फ्री डिशवरच दाखवायचा, केबलवाल्यांकडून पुढं जाऊ द्यायचा नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल, कारण ज्यानं कोट्यवधी मोजले त्याचा माल फुकट कसा वाटणार? पण चौकात त्याचा अर्थ असा झाला की जो दरमहा केबलचे पैसे भरतो त्याच्या दूरदर्शनवर मॅच नाही, आणि ज्यानं एकदाच छत्री घेऊन छपरावर ठोकली तो पाय पसरून पाहतो. पानठेलेवाल्याचा भाव तेव्हापासून जो चढला तो उतरला नाही. चुना लावता लावता तो माझ्याकडं असा पाहतो, की खर्रा उधार मागायचं धाडस होत नाही.

पैसे भरणाऱ्याची कथा आणखी निराळी. १ फेब्रुवारी २०१९ पासून चॅनेल निवडून घ्यायची पद्धत आली. घरच्या निवडणुकीत मालिकांना बहुमत मिळालं, खेळाची अनामत जेमतेम वाचली. २०२२ च्या जूनमध्ये आयपीएलचे पाच हंगाम ४८,३९० कोटींना विकले गेले. टीव्ही एका कंपनीला, मोबाइल दुसरीला. म्हणून २०२३ मध्ये तीच मॅच टीव्हीवर पैशांची आणि मोबाइलवर फुकट. मग दोन्ही कंपन्याच एक झाल्या, १४ फेब्रुवारी २०२५ ला दोन ॲपचं मिळून जिओहॉटस्टार झालं आणि फुकटाचे दिवस सरले. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या कसोटी टीव्हीवर सोनीकडं आणि मोबाइलवर जिओहॉटस्टारकडं. सप्टेंबरात आशिया कप सगळाच सोनीकडं. धानाचा चुकारा कधी जमा होईल हे आम्हाला सांगता येत नाही, आणि पुढची मॅच कुठं दिसेल हेही. त्यातल्या त्यात मॅचचं आधी कळतं.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. २०२३ च्या आयपीएलला मोबाइलवर मराठी समालोचन ऐकायला मिळालं. ते आमच्या झाडीबोलीतलं नव्हतं, पुण्या-मुंबईकडचं होतं, तरी कानाला बरं वाटलं. त्यात केदार जाधव बोलायचा. हंगामाच्या मध्यावर बंगळुरूच्या संघाला जखमी खेळाडूच्या जागी कोणीतरी हवा होता, त्यांनी केदारलाच उचलून मैदानात नेलं. पारावर याचा फार परिणाम झाला. तिथं तर सगळेच समालोचक. काही जण महिनाभर फोन हातातून खाली ठेवीनात.

आता अलीकडची हकीकत. भाऊबीजेनंतर आमच्याकडं मंडईचे दिवस सुरू होतात. धानाचे पुंजणे रचायचे, पाहुणे गोळा करायचे आणि रात्रभर नाटक पाहायचं. नाटक मंडळ्या बहुतेक वडशाकडच्या. २ नोव्हेंबर २०२५ ला महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, नवी मुंबईत. पावसानं तो दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत लांबला. इकडं एका गावच्या मंडपात नाटक रंगात आलेलं. प्रेक्षकांच्या मांडीवर मोबाइल, नजर अर्धी रंगमंचावर. खलनायकानं नायकाच्या डोक्यावर कुऱ्हाड उगारली, आणि नेमका त्याच क्षणी दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतनं शेवटचा झेल घेतला.

मंडपाबाहेर चहाच्या दुकानात टीव्ही होता, तिथून पहिला ओरडा आला. मग डावीकडची पोरं ओरडली. मग बायकांच्या बाजूनं टाळ्या आणि शिट्ट्या, हो, शिट्ट्याही. नायक मान खाली घालून वाट पाहत बसलेला. मग मागची रांग उठली, तिथं रेंज कमी. खलनायक जुना, मुरलेला नट. त्यानं कुऱ्हाड खाली घेतली नाही. सगळं शांत झालंसं वाटल्यावर त्यानं संवादाला तोंड उघडलं, तेवढ्यात खांबाजवळचा एक मोबाइल उशिरानं जिंकला आणि एकटाच माणूस "जिकलोऽऽ" म्हणून उभा राहिला.

खलनायकानं कुऱ्हाड दुसऱ्या हातात घेतली आणि मंडपाला विचारलं, "झाला का जी आता सगळ्याइचा? मारू का याले?"